लाल बिल्ला

२ मार्च, सोमवार

ही माझी नववीची भूगोलाची वही. पुढून नद्या आणि वारे, मागून मी. नववी अर्धीच झाली, त्यामुळे पानं भरपूर उरलीत.

आज लॉन्ड्रीत परीक्षा झाली. खरंच परीक्षा. नवीन साहेबांनी बाहेरून एक मॅडम बोलावल्या होत्या. त्यांनी आम्हाला जेवणाच्या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, "यात पास-नापास काही नाही. तुमचा स्वभाव कसा आहे एवढंच कळणार आहे. त्याप्रमाणे तुम्हाला काम मिळेल."

तोफ लगेच म्हणाली, "माझ्या स्वभावाला कागद कशाला मॅडम, माझ्या नवऱ्याला विचारा. वीस वर्षं परीक्षा देतोय बिचारा." सगळ्या हसल्या. तोफेचं नाव तोफ का पडलं ते नव्या माणसाला पाच मिनिटांत कळतं. माझं नाव कुलूप. तेही तिनेच ठेवलंय.

नव्वद वाक्यं होती. प्रत्येकापुढे चार चौकोन, नेहमी, बऱ्याचदा, क्वचित, कधीच नाही. 'लोक माझं ऐकतात.' 'अचानक अडचण आली तरी मी शांत राहते.' 'चूक दिसली तर मी गप्प बसत नाही.' असली.

आत्या म्हणाली, "माझा चष्मा घरी राहिला, तू वाच." आत्याला चष्मा नाहीच. तिला सही येते, आकडे येतात, बाकी अक्षरं नाही येत. मग मी तिच्या कानाशी हळूच वाचत गेले. शाळेत उभं राहून धडा वाचायचा म्हटलं की माझा घसा कुलूपबंद व्हायचा. म्हणूनच सुटली शाळा. पण आत्याच्या कानात वाचायला काही वाटत नाही. चार वर्षांची असल्यापासून तिच्याकडेच आहे मी. लॉन्ड्रीतही सगळ्या तिला आत्याच म्हणतात.

मी वाचलं, "लोक माझं ऐकतात."

"माझं कोण ऐकतंय! लिही, कधीच नाही."

"अडचण आली तरी मी शांत राहते."

"आपण कसलं शांत. क्वचित कर."

मी तिच्याकडे बघितलं. ती कुजबुजली, "अगं, स्वतःची टिमकी स्वतः वाजवायची का? त्या बाई वाचणार आहेत ना ते."

ती म्हणाली तसं मी केलं. आपण काय, मोठ्यांनी सांगितलं ते करायचं.

मग माझा फॉर्म. दहाच मिनिटं राहिली होती. 'अनोळखी माणसांशी मी सहज बोलते.' खरं सांगायचं तर सगळीकडे कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. ते असं ओळीने बघून मलाच लाज वाटली. मग मी एक युक्ती केली. प्रत्येक वाक्याला विचार केला की इथे आत्या काय करते? म्हणजे खरोखर काय करते. आणि तिथे खूण केली. भराभर झालं. एकदासुद्धा अडले नाही.

६ मार्च, शुक्रवार

निकाल लागला. प्रत्येकीला रंगीत बिल्ला. लाल म्हणजे पुढाकार घेणारी, पिवळा मनमिळाऊ, हिरवा बारकाईने काम करणारी, निळा शांत, सांगितलेलं ऐकणारी.

तोफ पिवळी.

आत्या निळी.

मी लाल.

तोफेने माझा बिल्ला हातात घेऊन उलटासुलटा केला. "कुलूप लाल? ए बायांनो, कागदाला ताप आलाय!"

मीही हसले. मग साहेबांनी नवीन कामाची यादी लावली आणि माझं हसू गेलं.

आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी येतात. धुऊन, पिळून ओल्या चादरी इस्त्रीच्या मोठ्या रोलरमध्ये घालतात. दोघी चादरीची टोकं धरून आत सोडतात आणि तिसरी बाजूला दोरीवर उभी असते. लाल दोरी ओढली की रोलर जागच्या जागी थांबतो. दोरीवरच्या बाईने चादर धरायची नाही, फक्त बघायचं. चादर धरणाऱ्यांचे हात तिच्या भरवशावर असतात. आत्या एकोणीस वर्षं दोरीवर आहे. एकोणीस वर्षांत कुणाचं बोट गेलेलं नाही.

यादीत लिहिलंय, दोरीवर मी. आत्या घड्यांच्या टेबलावर.

घड्या घालायचं मशीन मे महिन्यात येणार आहे. मग ते टेबल बंद. टेबलावरच्यांचं काय ते यादीत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

घरी येताना आत्या एवढंच म्हणाली, "बरं झालं. पोरगी पुढे गेली." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. ती पिशवी रोज मीच धरते.

९ मार्च, सोमवार

दोरीवरचा पहिला दिवस. ऊन वाफेत मिसळलं की समोरचं नीट दिसत नाही. मी डोळे इतके ताणून बघत होते की दुपारी डोकं ठणकलं. चादरीवर तोफ आणि हिरव्या बिल्ल्याची एक नवीन. तोफ बोलताना माझ्याकडे बघत नाही, पण हात आत जाताना दर वेळी दोरीकडे बघते. आधी बघत नव्हती. आत्या असताना तिला बघावंच लागत नव्हतं.

आत्या टेबलावर पाठमोरी उभी राहून घड्या घालते. मध्येच तिची मान वळते. काहीतरी ऐकल्यासारखी.

घरी तिला विचारलं, "मॅडमच्या कागदावर तुझ्याबद्दल काय लिहिलंय?" तिने साहेबांकडून वाचून घेतलं होतं. "ताण आला की गोंधळतात, असं आहे. खरं असेल. पाइप फुटला तेव्हा माझे पाय लटपटत होतेच की."

पाइप फुटला तेव्हा हिने चौदा बायकांना दारातून बाहेर काढलं आणि स्वतः शेवटी निघाली. मी तेव्हा लहान होते, पण ही गोष्ट तोफ अजून सांगते. मी आत्याला तसं म्हटलं.

"पण पाय लटपटत होते ना? छापलंय ते उगाच नाही."

१२ मार्च, गुरुवार

रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. हात फार पुढे गेला तर पट्टीला लागतो आणि रोलर आपोआप थांबतो. रोज कामाआधी ती दाबून बघायची, हे आत्याने शिकवलंय. आज दाबली. थांबला नाही. परत दाबली. थांबला. तिसऱ्यांदा थांबला. चौथ्यांदा नाही.

साहेबांना सांगायला हवं.

१३ मार्च, शुक्रवार

गेले होते. दारातून दोनदा परत आले. तिसऱ्यांदा साहेबांनीच बघितलं. "काय गं, ये ना. लाल बिल्ला आणि दारात उभी?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, रात्रभर घोकलेलं. पट्टी अडकते साहेब. तीनच शब्द. आणि घसा बंद.

"बोल की."

"पाण्याचा पिंप रिकामा आहे."

"एवढंच? भरायला सांगतो." आणि हसून म्हणाले, "चांगलं लक्ष आहे तुझं."

पिंप भरलेला होता. मग मी जाऊन पिंपाचा नळ सोडला आणि तो रिकामा केला. असला वेडेपणा कुणी केला असेल का?

१६ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत आत्या म्हणाली, "पट्टीचा आवाज बदललाय. आधी टक् व्हायचं, आता घसटल्यासारखं होतंय. बघितलंस का?"

टेबल रोलरपासून किती लांब आहे. आणि हिला ऐकू येतं.

"बघितलं."

"साहेबांना सांगितलंस?"

मी म्हटलं, "हो."

"शहाणी गं माझी," असं म्हणून तिने तिच्या डब्यातला भाकरीचा मोठा तुकडा माझ्या डब्यात टाकला. मी डब्याचं झाकण लावलं.

ती स्वतः गेली असती सांगायला. एका मिनिटात. पण मी हो म्हटलं, त्यामुळे ती जाणार नाही. आणि निळी आहे ना आता. परवा म्हणत होती, "आपण आता मध्ये बोलायचं नाही, तुझं काम आहे ते."

१७ मार्च, मंगळवार

आज पट्टी एकदाही अडकली नाही. वीस वेळा दाबून बघितली. कदाचित आपोआप नीट झाली असेल.

२० मार्च, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

साडेदहाला झालं. तोफ तिच्या मुलीची नक्कल करून दाखवत होती, नवीन मुलगी हसत होती. तोफेच्या बाहीचं टोक ओल्या चादरीला चिकटलं. बाही आत गेली. मग हात. तिने दुसऱ्या हाताने पट्टी दाबली. रोलर थांबला नाही. तिने परत दाबली. तिचं तोंड उघडं होतं, आवाज मात्र येत नव्हता. मला वाटलं, हिचंसुद्धा कुलूप झालं.

मी बघत होते. दोरी माझ्या हातात होती. मला सगळं दिसत होतं, अगदी नीट, बाहीची शिवणसुद्धा. आणि मी काही करत नव्हते.

"दोरी!"

आत्याचा आवाज. टेबलाकडून. मशीनच्या आवाजावरून, वाफेवरून आला तो.

मी ओढली.

दोन बोटं भाजली, एक नख गेलं. हाड वाचलं म्हणे. हॉस्पिटलच्या गाडीत बसताना तोफ म्हणाली, "ज्यांच्या चादरी धुतो तिथेच चाललेय, आता माझी चादर नीट इस्त्री करा." आम्ही कुणी हसलो नाही. ती स्वतः रडत होती.

२१ मार्च, शनिवार

साहेबांच्या केबिनच्या काचेतून दोरी दिसते, टेबल दिसत नाही. त्यांनी मला ओढताना बघितलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "एका क्षणात निर्णय! याला म्हणतात लाल बिल्ला. चाचणीने बरोबर माणूस बरोबर जागी ठेवलं." टाळ्या वाजल्या. मंगळवारी मॅडम येणार आहेत, माझ्याबद्दल लिहून घ्यायला. दुसऱ्या कारखान्यांना दाखवणार म्हणे.

आत्याही टाळ्या वाजवत होती.

२२ मार्च, रविवार

कपडे वाळत घालताना मी आत्याला म्हटलं, "तू ओरडलीस म्हणून ओढली मी."

"ओढली ना? मग झालं."

"तू सांग साहेबांना."

"काय सांगू? मी ओरडले असं? शोभतं का ते." तिने चिमटा दातात धरला होता, तो काढला. "आणि पट्टीचं तर तू सांगितलंच होतंस. त्यांनी फिटर बोलावला नाही, त्यात तुझा काय दोष?"

मी उशीचा अभ्रा पिळत राहिले. त्यात पाणी नव्हतं.

आत्या म्हणाली, "काय झालं?"

मी सांगितलं. पट्टीचं, पिंपाचं, सगळं. फॉर्मचंही.

तिने दोरीवरचे सगळे कपडे सरकवून नीट अंतरावर केले. मग म्हणाली, "तिची बोटं गेली असती."

"हो."

"हो म्हणालीस माझ्या तोंडावर."

"हो."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि भात लावला. मला ताट वाढलं. स्वतः जेवली नाही.

२३ मार्च, सोमवार

आत्या आज दाराला कडी लावताना एवढंच म्हणाली, "उद्या त्या बाई येतायत. मी तुझ्यासाठी ओरडायची नाही."

२४ मार्च, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

मी वहीतलं पान फाडून त्यावर लिहून नेलं होतं. केबिनमध्ये साहेब आणि मॅडम. मॅडमनी पेन काढलं. "तर त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?"

मी पान पुढे केलं. साहेब म्हणाले, "अगं लाजतेस काय, तोंडाने सांग. लोक ऐकायला उत्सुक आहेत."

घसा बंद. पार बंद. मॅडमच्या मागे काच होती, काचेतून दोरी दिसत होती, आणि दोरीवर कुणीच नव्हतं. मशीन बंद होतं, तरी.

"पट्टी अडकते हे मला आठ दिवस माहीत होतं."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. जाड. मग पुढचं आलं. न थांबता आलं, मध्ये श्वास घ्यायचं राहून गेलं. आत्या ओरडली तेही सांगितलं. फॉर्म आत्या बनून भरला तेही.

साहेब उभे राहिले. "म्हणजे हे सगळं खोटं? पिंप रिकामा म्हणून आली होतीस ना तू? त्या दिवशी?"

"तो मीच रिकामा केला. नंतर."

मॅडमना हसू आलं असावं, पण त्यांनी दाबलं. त्यांनी पिशवीतून माझा निकाल काढला. चार पानं होती. मला पहिलंच माहीत होतं, ज्यावर रंग आहे ते. त्यांनी तिसरं पान साहेबांसमोर ठेवलं. "मी इथे लिहिलं होतं. उत्तरं गरजेपेक्षा चांगली आहेत, प्रत्यक्ष बोलून खात्री करावी. आणि आत्यांच्या फॉर्मवर लिहिलं होतं, एकोणीस वर्षांचा अनुभव आणि ही उत्तरं जुळत नाहीत, बोलावं."

साहेब म्हणाले, "माझ्याकडे साठ जणींचे कागद होते. मी रंग बघितले."

"बघितलेत ते दिसतंय."

"तुम्हीच रंग दिलेत ना पण? रंग दिला की माणूस रंगच बघणार."

मॅडम पेन उघडझाप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत्यांना बोलवा. मी परत विचारते."

आत्या आली. दारात चप्पल काढायला लागली, साहेब म्हणाले राहू द्या. मॅडमनी पहिलं वाक्य वाचलं. त्यांचं वाचणं बातम्यांसारखं. आत्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, "तू वाच त्यांना."

"कानात?"

"कानात नाही. आम्हालाही ऐकू दे."

नववीत बाईंनी असंच सांगितलं होतं. सगळ्यांना ऐकू दे. तेव्हा मी बाकावर बसले आणि परत उठलेच नाही.

मी कागद धरला. "लोक माझं ऐकतात."

आत्या म्हणाली, "छे. माझं कोण..."

"खोटं," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आत्यानेसुद्धा.

"तू दोरी म्हणालीस आणि मी ओढली. मी कुणाचं ऐकत नव्हते तेव्हा. माझं मीसुद्धा ऐकत नव्हते."

"ते कुणीही म्हणालं असतं गं."

"मी नाही म्हणाले. मी जवळ होते. पुढचं. अडचण आली तरी मी शांत राहते."

"पाय लटपटतात माझे, खरंच मॅडम. उगाच का खोटं सांगू."

"पाय लटपटत चौदा बायका बाहेर काढल्यास."

"पंधरा," आत्या म्हणाली. "एक मुतारीत होती."

साहेबांनी तोंडावर हात धरला. मॅडमनी फॉर्मवर पेन टेकवलं होतं, ते उचललं. "यात मी कुठे खूण करू तेच कळत नाही," म्हणाल्या. "पाय लटपटतात याला चौकोन आहे. लटपटत्या पायांनी काय करतात याला नाही." आणि कागद मिटून ठेवला. म्हणाल्या, नव्वद वाक्यं विचारली नसती तर हे एवढंही बाहेर आलं नसतं. तेही असेल. मला माहीत नाही.

आत्या उद्यापासून परत दोरीवर. फिटर दुपारीच आला. मी टेबलावर. मे महिन्यापर्यंत. साहेब म्हणाले, काढून टाकायला हवं होतं तुला, पण खोटं स्वतःहून सांगितलंस. लाल बिल्ला मी त्यांच्या टेबलावर ठेवला.

आत्याने निळा परत दिला नाही. म्हणाली, "राहू दे. साडीवर बरा दिसतो."

घरी येताना पिशवी तिने माझ्याकडे दिली. बोलली नाही, पण दिली.

२७ मार्च, शुक्रवार

तोफ कामावर आली. बोटांना बँडेजचं पांढरं बोंडकं. कुणीतरी तिला सांगितलंय. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आठ दिवस?"

"हो."

गेली. दिवसभर तिचा आवाज नाही. लॉन्ड्रीत मशीनचा इतका आवाज असतो हे मला आज कळलं.

३ एप्रिल, शुक्रवार

आठवडाभर तोफ माझ्याकडे बघत नव्हती. एका हाताने तिला चादर धरता येत नाही, म्हणून साहेबांनी टेबलावर बसवलंय, माझ्या समोर. ती अभ्रे मोजते, मी घड्या घालते. आज बाराच्या सुमारास आकडा चुकला, परत मोजलं, परत चुकला. मी हळूच म्हटलं, "बेचाळीस."

तिने वर बघितलं. मग रोलरकडे वळून पूर्ण आवाजात ओरडली, "ए आत्या! तुझ्या भाचीला सांग, पिंप रिकामा झालाय, जाऊन साहेबांना कळव म्हणावं!"

सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही, तिचं लक्ष चादरीवर होतं. पण तिचा खांदा हलला, मी बघितलं.

तोफ मला म्हणाली, "मी माफ केलेलं नाही अजून. समजलं?"

"समजलं."

"मोज पुढे."

मॅडम सहा महिन्यांनी परत येणार आहेत. मी जर तेव्हा इथे असले तर माझा फॉर्म मीच भरणार. आज नुसतं आठवून बघितलं. बहुतेक वाक्यांना उत्तर तेच येतंय, कधीच नाही, कधीच नाही. एकाच ठिकाणी अडले. 'चूक दिसली तर मी गप्प बसत नाही.' नेहमी खोटं होईल. बऱ्याचदाही. कधीच नाही हेही आता खोटं आहे. क्वचित म्हणजे अधूनमधून.

'एकदा' असा चौकोन नाही. इथे काढून ठेवते आणि खूण करते.